एजॅक्सला तात्पर्यात कोंबू नकोस

सातारा,
रविवार

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र मिळालं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी ‘ग्रीक वीरांचा गर्व आणि ऱ्हास’ हा विषय घेतलास याचा आनंद झाला. पण सोबतचा आराखडा वाचून जरा चिडलोच. अकिलीस, अगामेम्नॉन, इडिपस, एजॅक्स, प्रत्येकाला दहा मिनिटं आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘गर्वाचं घर खाली’! एवढंच सांगायचं असेल तर त्यासाठी ग्रीसपर्यंत जायची गरज काय?

ज्याच्या बाबतीत हे तात्पर्य नीट बसतं तो माणूस तुझ्या यादीत नाहीच. तो म्हणजे इराणचा सम्राट झर्क्सिस. त्याने हेलेस्पॉन्टच्या सामुद्रधुनीवर पूल बांधला, वादळाने तो मोडला, तेव्हा पठ्ठ्याने समुद्राला तीनशे फटके मारायला लावले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने हे लिहून ठेवलंय. पुढे इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सागरी लढाईत त्याचं आरमार बुडालं आणि आठच वर्षांनी नाटककार इस्किलसने अथेन्सच्या रंगमंचावर त्याला फाटक्या कपड्यांत आणून उभं केलं. पोरांना सांगायला झकास गोष्ट. ती घे.

इडिपस मात्र वगळ. तो तापट आहे, स्वतःच्या बुद्धीची त्याला घमेंडही आहे, मान्य. पण बापाला मारणार, आईशी लग्न करणार ही भविष्यवाणी आधीच झालेली होती, तिचा त्याच्या घमेंडीशी काय संबंध? अगामेम्नॉनचंही तसंच. ट्रॉयच्या युद्धाहून परतल्यावर जांभळ्या पायघड्यांवरून तो वाड्यात शिरतो तो प्रसंग देखणा आहे, पण त्याला मारणाऱ्या बायकोच्या, क्लायटेम्नेस्ट्राच्या मनात सूड धुमसतोय तो ट्रॉयला निघताना त्याने पोटच्या मुलीचा बळी दिला तेव्हापासून. पायघड्या ही त्या दिवसापुरती सबब.

राहिला एजॅक्स. तुझा सगळा वेळ मी त्यालाच दिला असता.

ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं कुणाला द्यायची यावर मतं घेतली गेली आणि ती ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक सरदाराला मिळाली. अकिलीसच्या खालोखालचा योद्धा म्हणजे एजॅक्स. हा अपमान त्याला गिळवेना. रात्री तो तलवार घेऊन सरदारांना कापायला निघाला, अथीना देवीने त्याला वेड लावलं आणि त्याने शत्रू समजून लुटीतली गुरं-मेंढरं आणि गुराखी कापून काढले. नाटककार सोफोक्लीझचं ‘एजॅक्स’ हे नाटक इथे सुरू होतं. अथीना ओडिसियसला बोलावते आणि हा तमाशा दाखवते. शत्रूवर हसण्यासारखं सुख आहे का, असं विचारते. ओडिसियसला हसू येत नाही. त्याला एजॅक्सची कीव येते, कारण त्या जागी तो स्वतःलाच बघतो. जिवंत माणसं म्हणजे नुसत्या सावल्या, असं तो म्हणतो. मग देवी समारोप करते: देवांपुढे मोठे बोल बोलू नकोस, माणसाचं सगळं एका दिवसात खाली जातं आणि एका दिवसात वर येतं.

आता गंमत बघ. नाटक चौदाशेच्या वर ओळींचं आणि हे तात्पर्य पहिल्या दीडशेच्या आत सांगून मोकळं! सोफोक्लीझला तेवढंच म्हणायचं असतं तर उरलेलं नाटक कशाला लिहिलं असतं?

एजॅक्सचा गुन्हा काय, तेही पुढे एक निरोप्या सांगतो. घरून निघताना बाप म्हणाला होता, भाल्याच्या जोरावर जिंक, पण देवाला सोबत घेऊन. पोरगा म्हणाला, देव सोबत असल्यावर कुणीही सोम्यागोम्या जिंकेल, मी त्यांच्याविना जिंकीन. पुढे रणात खुद्द अथीना पाठीशी येऊन उभी राहिली, तर तिला म्हणाला, तू दुसऱ्यांकडे जा, मी आहे तिथली फळी फुटायची नाही. उद्धट खराच. पण ‘इलियड’ हे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य उघडून बघ, फळी सहजासहजी फुटत नाही. बाकीच्या वीरांना देव हाताला धरून वाचवतात, याला फारसं कुणीच नाही. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस पडतो, त्याच्या प्रेताभोवती धुकं दाटतं तेव्हा तो झ्यूसकडे जीव मागत नाही, उजेड मागतो. मारायचं तर उजेडात मार, म्हणतो. ज्या ताठ कण्याने जहाजं वाचवली, तोच त्याला वाकू देत नाही. यातला गुण कुठे संपला आणि दोष कुठे सुरू झाला ते मला तरी दाखवता येणार नाही.

आणि त्याला कळत नाही असंही नाही. शुद्धीवर आल्यावर त्याचं एक भाषण आहे, ते सभेत वाचून दाखवच. हिवाळा उन्हाळ्याला वाट देतो, रात्र दिवसासाठी बाजूला होते, वारा थांबतो तेव्हा समुद्र निजतो, मग मीच का नमू नये? मी देवांपुढे झुकेन, सरदारांना मान देईन. सोबतचे खलाशी आनंदाने नाचायला लागतात. तो मात्र एकटा किनाऱ्यावर जातो, ट्रॉयचा वीर हेक्टर याने भेट दिलेली तलवार मातीत रोवतो आणि तिच्यावर अंग टाकतो. नमण्याचा नियम इतक्या सुंदर शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितलेला मी वाचला नाही, आणि सांगणाऱ्यालाच तो पाळता आला नाही. त्यात भर म्हणजे भविष्यवेत्ता काल्खास सांगून बसलाय की देवीचा कोप आजच्या दिवसापुरताच आहे, तेवढा दिवस त्याला तंबूत ठेवा. निरोप पोचायला उशीर होतो.

तो मेल्यावरही पाचशेच्या वर ओळी उरतात. सेनापती अगामेम्नॉन आणि त्याचा भाऊ मेनेलेअस प्रेत पुरू देत नाहीत, सावत्र भाऊ ट्यूसर एकटा त्यांच्याशी भांडतो. मेलेल्या माणसावर पाय देऊन बोलणारे हे दोघे एजॅक्सपेक्षा जास्त माजलेले आहेत, आणि या नाटकात त्यांचं काहीही वाकडं होत नाही. तुझं ‘घर खाली’ इथे कुठे लावशील? शेवटी ओडिसियसच मध्ये पडतो. तो माझा वैरी होता, पण अकिलीस सोडला तर आमच्यात असा दुसरा नव्हता, म्हणतो, आणि एक दिवस मलाही मातीची गरज लागणारच. ट्यूसर त्याचे आभार मानतो, तरी प्रेताला हात लावू देत नाही. मेलेल्याला आवडणार नाही म्हणून! (होमरच्याच ‘ओडिसी’त पाताळात ओडिसियस त्याची समजूत काढायला जातो तेव्हा एजॅक्स एक शब्द न बोलता निघून जातो. ट्यूसरचा अंदाज बरोबर होता.)

अथेन्सकरांनी तर याच माणसाला पुजलं. त्यांच्या नागरिकांच्या दहा गणांपैकी एकाला त्याचं नाव होतं. सालामिस हे त्याचंच बेट, तिथल्या लढाईआधी त्याचा धावा केला आणि जिंकल्यावर पकडलेलं एक फिनिशियन जहाज त्याला वाहिलं. पडलेल्या गर्विष्ठाचं उदाहरण म्हणून कुणी संकटात कुणाला हाक मारत नाही. कर्णाशी तुलना करायचा मोह तुला होईल, आवर. कर्णाला निदान दुर्योधनाचं देणं फेडायचं होतं, हा कुणाचाच देणेकरी नाही, हीच तर त्याची अडचण.

मी त्याची बाजू घेतोय असं वाटेल. एका ठिकाणी मात्र घेऊ शकत नाही. टेक्मेसा ही त्याने युद्धात जिंकून आणलेली बायको. तिचं गाव यानेच बेचिराख केलेलं. ती विनवते, तू गेलास त्या दिवशी मी आणि पोरगं गुलाम होऊ, मला तुझ्याशिवाय कुणी नाही. हा तिला गप्प करतो. पोराला हातात घेतो, त्याला आपली ढाल देतो, पण तिच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. नाटकभर ताठ मानेची किंमत कोण मोजतं हे बघायचं तर तिच्याकडे बघावं लागतं. वहिनी ऐकायला बसणार असतील तर त्या नेमकं हेच विचारतील. तेव्हा टेक्मेसाला दहा मिनिटं तरी दे, अगामेम्नॉनची वाचली आहेतच.

तारीख ठरली की कळव. एस.टी. सोयीची असली तर येईन.

तुझा,
विनायक