विषय : तुमच्याच हेल्पलाइनने सांगितलेल्या रेसवर मोवर चालवला, म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनला माझा सहावा फोन झाला. तो ठेवल्या ठेवल्या लिहायला बसलो आहे.

ट्रॅक्टरमागे जोडून गवत कापायच्या तुमच्या मोवरच्या स्लिप क्लचच्या (जादा ताण आला की घसरून मशीन वाचवणाऱ्या क्लचच्या) प्लेटा जळाल्या. तुमचा मेकॅनिक आला, क्लच उघडून पाहिला आणि कागदावर लिहून गेला, "मशीन कमी आरपीएमवर चालवले, वॉरंटी लागू नाही." कमी म्हणजे इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे. हा १५०० चा आकडा तुमच्याच हेल्पलाइनने दिला होता. पुस्तिकेत नुसते "पीटीओ ५४०" (मोवर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे) छापले आहे, म्हणून मोवर घेतला त्याच आठवड्यात मी फोन करून विचारले होते की इंजिनाची रेस किती ठेवू. "१५०० वर ठेवा, डिझेलही वाचेल," असे उत्तर आले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ते मी तारखेसकट लिहून ठेवले आहे.

माझ्या ट्रॅक्टरला पीटीओचे ५४० फेरे मिळतात ते इंजिन २००० वर असताना. १५०० ला पीटीओ ४०५ वरच राहतो. काही ट्रॅक्टरांना इकॉनॉमी पीटीओ असतो, त्यात इंजिन कमी रेसवर असूनही ५४० मिळतात. बहुधा तोच आकडा मला सांगितला गेला. "तुमच्या ट्रॅक्टरला तो पीटीओ आहे का?" एवढे मला विचारायला किती वेळ लागला असता?

४०५ वर गवत कापले जात नाही, ओरबाडले जाते. शेंडे फाटून तपकिरी पडतात, कापलेले गवत पसरत नाही, त्याचे पुंजके मागे पडतात. पात्याचा वेग पाव हिश्शाने घटला की त्याच्या फिरण्यातला जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि तेवढेच काम ओढायला शाफ्टवरचा पीळ एक तृतीयांशाने वाढतो. तो पीळ क्लचवर येतो. क्लच घसरतो, तापतो, जळतो. दाट गवतात तर मोवरला जपायचे म्हणून मी रेस आणखी उतरवत होतो. रेस तशीच ठेवून खालचा गिअर टाकायचा असतो, हे मला प्लेटा जळाल्यावर कळले.

आता आजचा फोन. मी विचारले, "५४० साठी इंजिन किती ठेवायचे?"

"सर, ते ट्रॅक्टरवर असतं."

"मग तेव्हा १५०० कसे सांगितलेत?"

"आमच्याकडे तशी नोंद नाही, सर."

मी तारीख वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "सर, इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवता, आवाजावरून कळायला पाहिजे ना." हेच लेखी द्या म्हटले, तर लेखी देता येत नाही. मागे कोणीतरी हसले, ते मला स्पष्ट ऐकू आले. मी बावीस वर्षे ट्रॅक्टर चालवतो आहे आणि कोणत्याही कंपनीच्या माणसाने मला असे हिणवलेले नाही. कानाने ओळखायचे असेल तर ५४० हा आकडा छापता कशाला? आणि कानाने चुकले की वॉरंटी जाते, हे कुठे छापले आहे?

तुमचा कल्टिव्हेटर मी नऊ वर्षे वापरला, एक दिवस त्रास झाला नाही. त्या विश्वासावर मोवर घेतला. तो विश्वास आज गेला.

क्लच प्लेटा आणि मजुरी तुमच्या खर्चाने बदलून द्या. पुस्तिकेत एक पान घाला : मीटरवर ५४० ची खूण कुठे असते, ती नसेल तर ट्रॅक्टरच्या पुस्तकात आकडा कुठे पाहायचा, पीटीओ कमी रेसवर जोडून मग रेस कशी चढवायची, चाल गिअरनेच का कमी करायची, आणि ५४० च्या वर का जायचे नाही. १५०० हा आकडा मला तुम्ही दिलात, हेही लेखी मान्य करा.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. जळालेल्या प्लेटा आणि ते पान जपून ठेवले आहे.

आपला ग्राहक