साधी गाठ, पण आकडा वाढता

संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून चांगली माहिती येते. मात्र ‘गाठ साधी आहे’ असा निर्वाळा मिळालेल्या स्त्रियांनी पुढे काय करावे, याबद्दल फारसे छापून येत नाही. अशा बहुतेक गाठी खरोखरच निरुपद्रवी असतात, आणि तरुण वयात सर्रास आढळणारी, बोटांखालून निसटणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ पुष्कळदा काढावीही लागत नाही. तिच्यावर लक्ष मात्र ठेवावे लागते.

माझ्या थोरल्या बहिणीची गाठ पहिल्या सोनोग्राफीत १८ मिमी होती, सहा महिन्यांनी १९. तिसऱ्या वेळी जुनी फाइल सापडेना, म्हणून तिने तशीच तपासणी करून घेतली. रिपोर्टात पुन्हा ‘फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी गाठ’ एवढाच शेरा आला. मापाच्या रकान्यात ३१ मिमी लिहिले होते, पण तुलनेला काही नसल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे कपाटात जुने कागद मिळाले, त्यांवरची चित्रे पुसट झाली होती, आकडे तेवढे वाचता आले. तिन्ही मापे शेजारी ठेवल्यावर सर्जननी गाठ काढायला सांगितली, आणि ती फायलोडिस ट्यूमर निघाली.

योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये वर्णन केलेल्या या गाठीचे नाव ‘पान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण आतली रचना पानांसारखी दिसते. स्तनाच्या एकूण गाठींत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. साधी, सीमारेषेवरची आणि घातक असे तिचे तीन प्रकार मानले जातात. सुईच्या बायोप्सीत गाठीचा लहानसा तुकडाच हाती येत असल्याने तीही फसवू शकते, म्हणून वाढीचा वेग हाच कित्येकदा पहिला सुगावा ठरतो. शिवाय भोवतालचा निरोगी भाग पुरेसा काढला नाही, तर साधा प्रकारही त्याच जागी पुन्हा उद्भवू शकतो.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विनंती एवढीच, की रिपोर्टात आधीचे माप आणि पुढच्या तपासणीची तारीख दोन्ही लिहावीत. बहिणीची गाठ साध्या प्रकारातली होती. तिला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे, आणि या खेपेस ती तारीख आम्ही रिपोर्टावरच लिहून घेतली आहे.

आपली,
एक वाचक