हरिपाठावर कॉपीराइट क्लेम लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी साहेब / मॅडम,

आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाचं तुमच्या व्हिडिओ साइटवर चॅनल आहे, ते मी चालवतो. एकादशीला विठ्ठल मंदिरात बायकांनी म्हटलेल्या हरिपाठाचा व्हिडिओ मोबाईलवर शूट करून टाकला तर त्यावर कुठल्याशा म्युझिक कंपनीचा कॉपीराइट क्लेम आलाय. म्हणे गाणं त्यांच्या मालकीचं. माऊलींनी आळंदीला समाधी घेतली 1296 साली, आणि आपल्याकडचा कायदा लेखक गेल्यावर 60 वर्षांपर्यंत कॉपीराइट देतो, तर आता मालक कोण उगवला? चाल म्हणाल तर ती वारकऱ्यांची पारंपरिक, आमच्या आज्यापण त्याच चालीत म्हणायच्या.

आता त्या कंपनीने कुणा बुवांकडून हरिपाठ गाऊन घेऊन कॅसेट काढली असेल तर त्या रेकॉर्डिंगवर तिचा हक्क आहे, मान्य, पण आम्ही ते वापरलंच नाही ना. पेटी आमची, पखवाज आमचा, टाळ आमचे, गळे आमचे. तुम्ही मॅच झालेला जो भाग दाखवलाय तो कुणी कानाने ऐकलाय का, त्यात मधेच मंदिरामागून ट्रॅक्टर जातोय आणि एक काकू पोराला गप बस म्हणून दटावतायत, हे पण त्यांच्या कॅसेटवर आहे का? तुमचं सॉफ्टवेअर चाल जुळली की चोरी धरतं, आणि पारंपरिक चाल ही जुळणारच हो, म्हणून तर ती पारंपरिक.

डिस्प्यूट टाकला तर तो तपासायला त्याच कंपनीकडे, 30 दिवसांची मुदत देऊन. म्हणजे फिर्यादी पण तेच आणि न्यायाधीश पण तेच. त्यांनी एका ओळीचंही कारण न देता क्लेम कायम ठेवला. पुढे अपील करायला गेलो तर वॉर्निंग येते की हरलात तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर ठपका, आणि असे तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद. मंडळातल्या बायका म्हणतात जाऊदे बाबा, नको भानगड, आणि सगळ्यांचं असंच होत असणार, त्यावरच तर या कंपन्यांचं चाललंय. आम्ही कधी जाहिराती लावल्या नव्हत्या, आता हरिपाठाच्या आधी पाच मिनिटात लोन देणाऱ्या अॅपची जाहिरात लागते आणि पैसा जातो क्लेमवाल्याला.

आणि हे काय आमच्यापुरतंच नाही. 2018 मधे जेम्स र्‍होड्स नावाच्या पियानोवादकाने घरी बसून बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजवलं, बाख वारला 1750 ला, तरी सोनी म्युझिकच्या नावाने क्लेम आला, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतला. 'हॅपी बर्थडे'चे तर वर्षानुवर्षं पैसे घेतले गेले, शेवटी 2015 ला अमेरिकेतल्या कोर्टाने तो हक्क मानला नाही आणि 1 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली. आम्ही काय कोर्टात जाणार, तालुक्याला जायचं म्हटलं तरी एसटी धड नाही.

आपल्या कायद्यात निदान असं आहे की तक्रार आली तर तुम्ही मजकूर 21 दिवस बंद ठेवा, तेवढ्यात कोर्टाची ऑर्डर नाही आणली तर परत चालू करता येतो. पण तुमचा हा क्लेम तसल्या तक्रारीत बसतच नाही, व्हिडिओ चालूच राहतो, फक्त कमाई दुसऱ्याच्या खिशात, मग कोर्ट नाही नि ऑर्डर नाही.

तर क्लेम काढा, आत्तापर्यंत जाहिरातीचे किती पैसे कुणाला गेले ते लेखी कळवा, आणि नक्की कुठल्या अल्बमवरून हा क्लेम लागला त्याचं नाव द्या. खोटा क्लेम लावणाऱ्यालाही स्ट्राइक देता का, तेही सांगा. तुमची पोच 24 तासात यायला पाहिजे असा नियम आहे, पण मला 'आपली तक्रार महत्त्वाची आहे' वाला रेडीमेड मेल नकोय, व्हिडिओ ऐकलेल्या माणसाचं उत्तर पाहिजे. कार्तिकातला काकडा पण शूट करून ठेवलाय, तो तुमच्या उत्तरानंतरच टाकीन.

मंडळाच्या वतीने,
चॅनल चालवणारा