पाण्यात थांबायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. शिवाजी पार्कजवळच्या पालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला तुम्ही काय शिकवता, हे तलावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. माझी पहिली ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं ओळीने करायची शर्यत, अजून लांब आहे, पण आभार तोवर अडवून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

ट्रायथलॉन करायचंय असं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, सायकल शाळेबरोबरच सुटली होती आणि पाणी कमरेच्या वर आलं की हात आपोआप कठड्याकडे जायचा. तुम्ही परावृत्त केलं नाहीत, की उगाच कौतुकही केलं नाहीत. फक्त विचारलंत, "कुठलं अंतर?" ट्रायथलॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आयर्नमॅनच येतं: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन. तुम्ही माझ्या वहीत स्प्रिंट या छोट्या प्रकाराचे आकडे लिहून दिलेत. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. त्याखाली लिहिलंत, "आपल्या ५० मीटरच्या तलावात १५ वेळा." त्या एका ओळीने मला धीर आला.

आणि मग कितीतरी दिवस तुम्ही मला पोहूच दिलं नाहीत! कठडा धरून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे, एवढंच. नवशिका माणूस पाण्याखाली श्वास कोंडून धरतो. मग मान वळवल्यावर त्या निमिषभरात त्याला आतली हवा सोडायचीही असते आणि नवी घ्यायचीही असते. दोन्ही जमत नाही, छाती भरून येते आणि जीव घाबरा होतो. "हवा पाण्यात सोडायची, बाहेर फक्त घ्यायची," हे तुम्ही प्रत्येकीला तितक्याच शांतपणे सांगायचात. माझ्या शेजारी एक आजी शिकत होत्या. त्यांचे बुडबुडे माझ्याआधी सुरळीत झाले, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

त्यानंतर तुम्ही मला पाय टेकत नाहीत तिथे नेलंत. पाठीवर झोपवलंत, मानेखाली दोन बोटं ठेवलीत आणि म्हणालात, "घाई कुणाला आहे? पडून राहा." कान पाण्यात होते, वर फक्त आभाळ. बोटं कधी काढलीत ते मला कळलंच नाही. शर्यतीत दम लागला तर पाण्यावर तरंगणारा बोया किंवा थांबलेली होडी धरून विसावा घेता येतो, फक्त त्यांचा आधार घेऊन पुढे सरकायचं नाही, हा नियमही तुम्ही तेव्हाच सांगितलात. पाण्यात थांबता येतं, हे कळल्यावर माझी भीती गेली. पोहणं त्यानंतर आलं. मोठेपणी शिकणाऱ्याला आधी हेच शिकवायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे. आपल्याकडे बहुतेकांना पहिल्या दिवसापासून हातपाय मारायला लावतात.

सायकल आणि पळणं मी माझं माझं करत होते, पण तिथेही तुमचं लक्ष होतंच. सी लिंकवर सायकलला बंदी, म्हणून रविवारी उजाडता उजाडता मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंट ते चौपाटी जाऊनयेऊन तीन फेऱ्या मारल्या की २० किलोमीटरच्या आसपास होतात. उतरल्याबरोबर थोडं पळायचं, हा तुमचाच आग्रह. तेव्हा मांड्या जड लागतात, पाय आपले वाटत नाहीत. सुरुवातीला पावलं लहान टाकली की पाचसात मिनिटांत ते ताळ्यावर येतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. म्हणून ऊन चढायच्या आत पळणं संपवायचं आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवायचं, हेही तुम्हीच बजावलंत.

एक सकाळ मात्र सविस्तर सांगायलाच हवी, पोहून आल्यावर झटपट सायकलवर बसायच्या सरावाची. तलावाबाहेरच्या फुटपाथवर तुम्ही टॉवेल अंथरलात. त्यावर बूट, बुटांत मोजे, मोज्यांत चिमूटभर पावडर. शेजारी सायकल, तिच्या हँडलवर उलटं हेल्मेट, पट्टे दोन्हीकडे मोकळे सोडलेले. मी ओल्या अंगाने धावत यायचं, आधी हेल्मेट, पट्ट्याचा खटका वाजला की मगच सायकलला हात. पट्टा लागल्याशिवाय सायकल जागची हलवली तर शर्यतीत दंड होतो. शाळेत निघालेली मुलं थांबून बघत होती आणि तुम्ही हातात घड्याळ धरून "पुन्हा" म्हणत होतात. आपली कामावर जायची वेळ टळत होती, तरी तुम्ही हलला नाहीत. त्या सकाळची फी कुठल्याच पावतीवर नव्हती, ताई.

तरुणपणी तुम्ही समुद्रातून, संक रॉक दीपगृह ते गेटवे ऑफ इंडिया, पोहला आहात, हे मला तुमच्याकडून नाही, कपडे बदलायच्या खोलीत दुसऱ्या एकीकडून कळलं. समुद्राचं पाणी गढूळ, स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, म्हणून दर काही हातांनंतर डोळे वर काढून समोरची खूण बघायची, हे तुम्ही इतक्या खात्रीने कुठून सांगता ते तेव्हा उमगलं. तलावात आखलेली काळी रेघ तिथे नसणार. पावसाळा सरून समुद्र निवळला की मला त्या पाण्यात उतरायचं आहे, आणि तुम्ही होडीत असाल तरच उतरायचं आहे. एवढी एक मागणी या आभारांच्या पत्रात घालते आहे.

आमच्या बँकेतल्या दोघींनी पुढच्या बॅचचे फॉर्म आणले आहेत. दोघींनाही पाण्याची भीती वाटते. त्यांना तुमच्याकडेच पाठवते आहे.

तुमची,
बायकांच्या बॅचमधली एक विद्यार्थिनी