मागे उरणाऱ्या पेशी

चि. मुक्तास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रेसिडेन्सी संपत आली असताना, हात नुकता बसू लागला असताना, ऑपरेशन थिएटर सोडून तीन वर्षे प्रयोगशाळेत काढावीत का, असे तू विचारले आहेस. आणि जो सर्जन पेशी मोजत बसतो त्याचा हात जातो, हे तुझ्या वरिष्ठांचे मतही कळवले आहेस. त्यांचे म्हणणे खोटे नाही. हात खरोखरच जातो, तो परत यायला काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांत आपल्याहून धाकट्यांना मदतनीस म्हणून उभे राहावे लागते. मी ते सोसले आहे. तरीही तू जावेस असेच माझे मत आहे, आणि त्याची कारणे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आपल्या मेंदू-शस्त्रक्रियेच्या शाखेचा इतिहास हाताच्या कसबाचा म्हणून सांगितला जातो. नोव्हेंबर १८८४ मध्ये लंडनला रिकमन गॉडली यांनी केवळ लक्षणांवरून जागा ठरवलेली मेंदूतील गाठ काढली; रुग्ण जेमतेम महिनाभर जगला. पुढच्या पन्नास वर्षांत हार्वे कुशिंग यांनी रक्तस्राव आवरण्याच्या पद्धती बसवल्या, प्रत्येक गाठीची आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आणले. मेनिंजिओमासारख्या, मेंदूला बाहेरून रेटणाऱ्या गाठींच्या बाबतीत हे कसब आजही निम्म्याहून अधिक लढाई जिंकून देते. परंतु ग्लायोमाचे, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतूनच उगवणाऱ्या गाठींचे, तसे नाही. वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेला लेख तू मुळातून वाच. एक बाजू आधीच लुळी पडलेल्या काही रुग्णांत त्यांनी मेंदूचा उजवा अर्धगोल सबंध काढला होता. यापेक्षा अधिक कापणे कोणालाही शक्य नव्हते, आणि तरीही तो आजार हटला नाही. माझ्या मते ग्लायोमापुरता सुरीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला होता; आपण ते मान्य करायला मात्र फार वेळ घेतला.

कारण तुला ठाऊक आहे, पण ते पुन्हा लिहिते, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या, पेशी चेतातंतूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने निरोगी मेंदूत शिरतात. एमआरआयमध्ये जी कडा चकाकते ती गाठीची हद्द नसते. रक्त आणि मेंदू यांच्यातील अडथळा जिथवर मोडला आहे तिथपर्यंतच तपासणीसाठी शिरेतून दिलेले द्रव्य झिरपते. त्यापलीकडे गेलेल्या पेशी शाबूत अडथळ्याच्या आड असतात, चित्रात दिसत नाहीत आणि बहुतेक औषधेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. परतून येणारी गाठ बहुतेक वेळा गाठ काढलेल्या जुन्या पोकळीपासून दोन सेंटिमीटरच्या आतच येते, म्हणजे रुग्णाचा जीव घेतात त्या आपण मागे ठेवलेल्या पेशी. आणि प्रयोगशाळेत आपण वर्षानुवर्षे तपासतो त्या मात्र काढून आणलेल्या, गाठीच्या मधल्या भागातल्या, पुष्कळदा अर्धमेल्या!

या बाबतीत माझी स्वतःची चूक तुला कधी सविस्तर सांगितली नव्हती. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा आमच्याकडे यू८७ नावाची पेशीमालिका (एका गाठीपासून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवत ठेवलेल्या पेशी) होती, जशी जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत होती. ती स्वीडनमधील उप्साला येथे १९६० च्या दशकात एका रुग्णाच्या गाठीपासून तयार झालेली, वाढायला सोपी आणि वागायला शिस्तीची. तिच्यावर औषधे चालत, त्यामुळे आम्हीही खूश असू. २०१६ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याशी तिचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा जगभर वाटली गेलेली मालिका त्या रुग्णाची नव्हेच असे निघाले. ती बहुधा दुसऱ्या कोणा अज्ञात रुग्णाच्या ग्लायोब्लास्टोमाची असावी. तो लेख वाचून मला त्या अदलाबदलीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची लाज वाटली. आठवड्यातून दोनदा जिवंत गाठ माझ्या हातात येत होती, तिचा मध्य कुठला आणि कड कुठली हे खोलीत केवळ मलाच ठाऊक होते, आणि मी ती बरणीत टाकून कोणाच्या तरी जुन्या पेशींकडे धावत होते.

सर्जनने संशोधन का करावे, याचे माझे उत्तर एवढेच आहे. जीवशास्त्रज्ञ आपल्यापेक्षा उत्तम प्रयोग करतात, संख्याशास्त्रज्ञ उत्तम गणित करतात. पण नमुना नेमका कोठून घेतला, रक्तपुरवठा तुटल्यावर किती मिनिटांनी तो गोठवला, त्या जागी मेंदूचा पोत कसा लागला, हे दुसरे कोणीही सांगू शकत नाही. २००५ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या ५७३ रुग्णांवरील चाचणीत किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने म्हणून लोक हसतात. पण दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा १०.४ वरून २६.५ झाले होते. हा फायदा मुख्यतः कोणाला झाला हे त्याच वर्षी एमजीएमटी या, औषधाने पेशीला केलेली इजा दुरुस्त करणाऱ्या जनुकाच्या अभ्यासातून कळले, मात्र त्यासाठी तपासण्याजोग्या ऊती केवळ २०६ रुग्णांच्या मिळाल्या. उरलेल्यांची गाठ कोणी तरी काढली होतीच ना? तू लहान असताना उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरचा गजर वाजला की मी मध्यरात्री उठून जात असे आणि तू रडत असस. तो फ्रीझर का जपायचा हे तेव्हा तुला सांगता येत नव्हते.

टेबलावर उठलेला प्रश्न किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण ५-एएलए या द्रव्याचे आहे. रुग्णाला ते आधी पाजले की गाठीच्या पेशींत पॉर्फिरिन हे रसायन साठते आणि निळ्या प्रकाशात ती लालसर चमकते. ‘गाठ संपली कुठे?’ हा प्रत्येक सर्जनच्या मनातला प्रश्न जर्मनीतील वॉल्टर श्टुमर यांनी नीट चाचणीला लावला, आणि २००६ मध्ये दिसले की एमआरआयमध्ये चकाकणारा भाग पूर्ण निघण्याचे प्रमाण शेकडा ३६ वरून ६५ वर गेले. मेंदूच्या इतर विकारांतही असेच घडले आहे. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे सर्जन बेनाबीद थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातील जागा निश्चित करण्यासाठी विद्युत उद्दीपन देत असताना, वारंवारता वाढवल्यावर रुग्णाच्या हाताचा कंप थांबतो हे त्यांनी पाहिले. पेशी जाळून टाकण्याऐवजी उद्दीपन कायम ठेवण्याची पद्धत तिथून रुजली. भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट केलेला माणूस टेबलाशी उभा होता, म्हणून त्या थांबण्याचा अर्थ लागला, असे मी समजते.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेव. अमेरिकन सर्जन स्कोव्हिल यांनी १९५३ मध्ये अपस्मारासाठी एका तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळील भागाचा) आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण त्याला नवी आठवण धरून ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये हे नुकसान स्वतः लिहून प्रसिद्ध केले, म्हणून इतर सर्जनांना वेळीच सावध होता आले आणि स्मृतीविषयीचे आपले बरेचसे ज्ञान त्यातून सुरू झाले. फसलेले निकाल कपाटात ठेवण्याचा मोह तुलाही होईल.

संमतीपत्राविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ते कोणी शिकवत नाही. चाचणी म्हणजे काय, दोन गट कसे पडतात, आपल्याला स्वतःलाही उत्तर ठाऊक नाही, हे सारे मी एका रुग्णाला अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी सही केली, पेन परत दिले आणि विचारले, “म्हणजे आता मी बरा होईन ना?” ज्याच्या भाषेच्या केंद्राशेजारी गाठ वाढते आहे त्याची संमती कालपेक्षा आज कमी पक्की असू शकते. अशा वेळी मी सही बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा जात असे, आणि काही जणांना चाचणीत घेतलेच नाही. संख्या पुरी होत नाही म्हणून वरिष्ठ रागावले, रागावू देत.

वेळेचा हिशेबही मनाशी ठेव. ग्लायोमातील आयडीएच जनुकाचा बदल २००८ मध्ये सापडला, आणि त्यावर बेतलेल्या व्होरासिडेनिब या औषधाने मंद वाढणाऱ्या ग्लायोमाची वाढ लांबवल्याचा निकाल २०२३ मध्ये आला. पंधरा वर्षे झाली, आणि हे यशस्वी झालेल्या मोजक्यांपैकी एक. बिव्हॅसिझुमॅब या औषधाने २०१४ च्या दोन्ही मोठ्या चाचण्यांत गाठीची वाढ काही काळ रोखली, पण आयुष्य वाढवले नाही. म्हणून तीन वर्षांत औषध सापडेल अशा आशेने जाऊ नकोस. आठवड्यातला एक दिवस शस्त्रक्रियेसाठी राखून ठेव, तो अर्जात लेखी मागून घे, आणि पॅथॉलॉजीच्या खोलीत स्वतः जात जा. शिपायाबरोबर बरणी पाठवू नकोस.

अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठव. पहिल्याच पानावर नमुना गाठीच्या कोणत्या भागातून, पोकळीच्या कडेपासून किती मिलिमीटरवरून आणि कोणत्या सुरक्षिततेच्या अटीवर घेणार ते स्पष्ट लिही. ‘ट्यूमरचा नमुना’ एवढेच मोघम लिहिलेस तर मी तो लाल शाई लावून परत पाठवीन.

तुझी,
आई