डॉक्टर मॅडम, ‘कॅमेरा कशासाठी?’ला उत्तर दिल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं ओपीडीत कळलं. आता नेमक्या कुठे आहात ते ठाऊक नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणाऱ्या जुनाट सुजेला, आठेक वर्षं झाली की ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा घालून आतड्याची तपासणी करायची, हे सगळेच सांगतात. पण रक्त पडत नाही, पोट दुखत नाही, मग कॅमेरा कशासाठी? ‘कॅन्सरचा धोका असतो’ एवढंच उत्तर घेऊन घरी यायचं आणि रात्रभर कूस बदलत राहायचं. तुम्ही मात्र बाहेर रांग असताना, मावशी पुढचा नंबर पुकारत असताना, केसपेपर उलटा करून त्यावर एक पेशी काढलीत.

एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीत दाव्याला बांधल्यासारखं असतं. सूज आली की आयकेके-बीटा हे एन्झाइम त्या दाव्यावर फॉस्फेटची खूण करतं. खूण झालेलं दावं पेशीच नष्ट करते, आणि मोकळं झालेलं प्रथिन केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. त्यातली काही सूज वाढवतात, काही पेशीला मरू देत नाहीत. बिघडलेली पेशीसुद्धा मग तगून राहते.

मग तुम्ही सॅन दिएगोतल्या मायकेल करीन यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल सांगितलंत, आतड्याला सूज आणि गाठी होणाऱ्या. साल २००४. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींतून हे एन्झाइम काढून टाकलं, तर सूज होती तशीच राहिली, गाठी (ट्यूमर) मात्र कितीतरी कमी झाल्या. रोगप्रतिकार करणाऱ्या काही पेशींतून काढलं, तर गाठींचा आकार घटला. मी कॉमर्सवाली, पण हे ऐकून थक्क झाले. एवढा वेळ मी सूज आणि गाठ एकच समजून दोन्हींना सारखीच घाबरत होते.

‘मग ते एन्झाइम बंद करणारी गोळी द्या की!’ यावर तुम्ही हसला नाहीत, हे विशेष. जंतूंशी लढायला आणि अस्तर सावरायलाही तेच लागतं, सरसकट बंद करता येत नाही, आणि उंदरावरून माणसावर उडी मारायची नाही, असं बजावलंत. तोवर सुजेवरचं औषध मेसालामिन चालू आणि कॅमेरा वेळेवर.

त्याबद्दल मनापासून आभार. यंदाची तपासणी दिवाळीनंतर आहे. आदल्या रात्री पोट साफ करायला प्यायच्या त्या खारट पाण्याचे आभार मात्र मी मानणार नाही.

आपली,
एक जुनी पेशंट