मगरीला उतरता काठ हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी सकाळी आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतून परतताना विश्वामित्री नदीच्या पुलावर गर्दी दिसली. खाली मातीच्या उतारावर एक मोठी मगर जबडा उघडा टाकून पडली होती आणि मुले वरून तिला खडे मारत होती. एक आजोबा नातवाला म्हणाले, "बघ, कशी भुकेलीय, तोंड मिटतच नाही!" मी 32 वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. मुलांना थांबवले, आजोबांशीही बोलले. पण पुलावर उभ्या-उभ्या कितीसे सांगणार? म्हणून हे पत्र.

त्या उघड्या जबड्याचा भुकेशी संबंध नसतो. मगरीचे शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. अंग पुरेसे तापले की तोंडाच्या ओल्या अस्तरातून जादा उष्णता बाहेर जाते. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' असे आपण म्हणतो, पण मगरीच्या पाठीत कातडीखाली हाडांच्या तबकड्या असतात. त्यांतून रक्तवाहिन्या फिरतात आणि पाठीवर पडलेले ऊन त्या अंगभर पोचवतात. ही ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही. आणि ऊब फुकट मिळते म्हणूनच तिला खायलाही फार लागत नाही. भरवस्तीतल्या एवढ्याशा नदीत शेकडो मगरी जगतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणजे काठ हा तिच्या शरीराचाच भाग समजा. याच मातीत ती बिळे खणते. बाहेर वैशाखवणवा असो की पौषातली थंडी, आतले तापमान फारसे हलत नाही. फाल्गुन-चैत्रात मादी उतारावर हातभर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीची ऊब ठरवते. 28 ते 31 अंश तापमानात सगळ्या माद्या निपजतात, 32.5 अंशांच्या आसपास नर. दोनेक महिन्यांनी पिल्ले अंड्यातूनच चिवचिवतात, तो आवाज ऐकून आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. तोच जबडा! त्याच्या कातडीवर बारीक काळे ठिपके असतात. मगरींच्या जातभाईंवर झालेल्या अभ्यासात हे ठिपके माणसाच्या बोटांच्या टोकांहूनही स्पर्शाला तीक्ष्ण निघाले. पाण्यावरचा बारीकसा तरंगही त्यांना कळतो. म्हणून माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, तिन्हीसांजेनंतर नदीच्या कडेला हात-पाय धुवायला, भांडी घासायला उतरू नका. गढूळ पाण्यात, अंधारात तुम्हाला ती दिसत नाही, पण तुमच्या हाताने उठलेला तरंग तिच्यापर्यंत पोचलेला असतो.

ऑगस्ट 2024 च्या पुरात माझ्याही तळमजल्यात पाणी शिरले. मगरी वस्त्यांमध्ये आल्या तेव्हाची भीती मी अनुभवली आहे. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या बैठकीत एकमुखाने मागणी झाली, 'नदीला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या उभ्या भिंती बांधा, म्हणजे मगरींचा प्रश्न संपेल.' मला हे पटत नाही. त्या रात्री मगरी शिकारीला आल्या नव्हत्या. पाण्याची ओढ सोसेना तेव्हा त्या संथ पाण्याकडे सरकल्या आणि ते संथ पाणी आपल्या गल्ल्यांत होते. उभी भिंत झाली तर उन्हाला पडायला, बिळाला, अंड्यांना जागाच उरणार नाही. मग जिथे भिंत संपेल तिथून, एखाद्या नाल्यातून त्या वर येतील, आणि वर आपली घरे आहेत.

पावसाळ्याआधी नदीतला गाळ काढायची घाई अंडी-पिल्लांच्या याच महिन्यांत असते, हे मान्य. पूर आवरलाच पाहिजे. पण मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच तिला संरक्षण आहे. तेव्हा फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात काठावर जेसीबी लावण्याआधी मगरींच्या जाणकारांकडून तो पट्टा पाहून घ्यावा, घरटी असलेला भाग तेवढा पिल्ले बाहेर पडेपर्यंत सोडावा, आणि नदीकाठाच्या नव्या आराखड्यात ठिकठिकाणी मातीचा उतार राखावा. एवढी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सयाजीगंज, बडोदे